ताटात उरलेलं

डॉक्टरांनी माझे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "किडनी चांगली आहे, रक्तगट जुळतोय, बाकीच्या तपासण्याही ठीक आहेत. आड येतंय ते फक्त तुमचं वजन. बारा किलो उतरवा. मग मुंबईला तुमचं नाव कळवू."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर मी कळवणार नाही. एका आजारी माणसासाठी धडधाकट माणसाला धोक्यात घालायचं, हे कुठलाही डॉक्टर करणार नाही."

शेजारच्या खुर्चीत हे बसले होते. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून फुगलेल्या शिरेवर चिकटपट्टी होती. त्या हातावर दुसरा हात ठेवून ते भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत राहिले. पोट चिरून घ्यायची तयारी मी मनाशी कधीच केली होती, त्यावरून माहेरच्यांशी भांडूनही झालं होतं. दिराचा रक्तगट जुळत नाही म्हटल्यावर 'मी देते' असं म्हणून मी सासरी जरा भावही खाल्ला होता. आणि आता घोडं अडलं कुठे, तर माझ्या कमरेच्या घेरापाशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही नाशिकला सिडकोत पहिल्या मजल्यावर राहत होतो. हे अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. नटबोल्टपासून पत्र्यापर्यंत काय आत आलं आणि काय बाहेर गेलं, याचा मेळ घालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगी अकरावीत. ब्लडप्रेशरकडे दुर्लक्ष होत गेलं, दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं.

थकवा हा शब्द तोवर मी उगाच वापरत होते. शाळा सुटली की दवाखाना, तिथे बाकावर बसून वह्या तपासायच्या, मग रिक्षानं घरी. जिना चढताना ह्यांचा हात माझ्या खांद्यावर असायचा आणि वर पोचल्यावर कुकर माझी वाट बघत असायचा. भेटायला येणारे एखादा काढा सांगत, चहा पीत आणि जात. कपबशा विसळताना माझ्या मनात काढा नसायचा, देव नसायचा, उद्या पुन्हा उठायचंय एवढंच असायचं. त्या दिवसांची आठवण काढली की आजही माझे पाय भरून येतात.

ह्यांच्या जेवणाचं तर विचारू नका. मीठ नाही, पाणी मोजून, टोमॅटो नाही, केळं नाही, नारळपाणी नाही. भाज्या उकळून त्यांचं पाणी ओतून द्यायचं आणि राहिलेला चोथा फोडणीला टाकायचा. असल्या अळणी स्वयंपाकात जीव ओतायचा म्हणजे काय करायचं, ते मला कधी कळलं नाही. तरी मी ताट नेटकं वाढायचे. दोन पोळ्या, भाजी, मूद पाडून भात, वर पातळ वरण. हे अर्धी पोळी खायचे, भात चिवडायचे आणि म्हणायचे, "तोंडाला लोखंडाची चव येते गं." ताट तसंच सरकवायचे.

ते ताट आत आलं की मी काय करायचे, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन सिन्नरकडच्या सासरी गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी ह्यांचं जेवून झालेलं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि त्यातच मला वाढलं. त्यांच्या घरची ती रीत. नवऱ्याच्या ताटात जेवलं की प्रेम वाढतं म्हणे. मी डीएड झालेली, मनातून जरा चिडलेच. पण हे इतके संकोचले होते आणि माझ्यासाठी एक गुळाचा खडा त्यांनी ताटाच्या कडेला असा काही लपवून ठेवला होता, की माझा राग गेला. पुढे सिडकोत आल्यावर सासूबाई नव्हत्या, तरी रीत राहिली. खरं सांगायचं तर पुढे पुढे तिच्यात प्रेमापेक्षा एक ताट कमी घासायची सोय जास्त होती.

आजारपणात ह्यांच्या जेवणाला काळवेळ राहिली नाही. मुलगी आणि मी आधी जेवून घ्यायचो, ह्यांचं ताट मागाहून आत यायचं. अन्न टाकायचं नाही, हे तर अंगात भिनलेलं. मग मी ओट्यापाशी उभ्यानं ते संपवायचे. अळणी घशाखाली उतरत नसे, म्हणून वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. त्याला मी जेवण म्हणतच नव्हते. ते आवरणं होतं, ओटा पुसण्यासारखं.

तर वजन. वजन उतरवायचं म्हटल्यावर मला पहिली आठवण झाली ती उपासांची. सोमवार मी करतच होते. ह्यांच्यासाठी गुरुवार धरला. चतुर्थी, एकादशी होत्याच. देवाचंही होईल आणि वजनाचंही, असा साळसूद विचार. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचं कूट सढळ हातानं, कारण दिवसभर वर्गात उभं राहायचं तर अंगात काही नको का? मधल्या सुट्टीत खजूर आणि केळी. संध्याकाळी भगर, दाण्याची आमटी, वर तुपाची धार. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मी वर्गात फळ्यावर लिहून मुलांकडून तिचा वाक्यात उपयोग करून घेत असे. माझ्या घरात तिचा उपयोग आठवड्यातून दोनदा होतोय, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दुसरा उपाय चालण्याचा. शेजारच्या वहिनी सोबतीला तयार झाल्या. त्या निफाडकडच्या, बोलायला मोकळ्या आणि माझ्याहून दुप्पट. पहाटे निघून पाथर्डी फाट्यावरून पांडवलेण्यांपर्यंत जायचं, पायऱ्या चढायच्या, वर बसून दम खायचा. खाली अंबडच्या शेडचे पत्रे उन्हात चमकायला लागत. ह्यांचा कारखाना त्यांतला कुठला, ते मी रोज शोधायचे.

"बाई, आज लय चाललो," वहिनी पदरानं मान पुसत म्हणायच्या. "अर्धा किलो तरी गेलं आसंल बघा."

खाली उतरलं की रस्त्यालाच मिसळीचं दुकान होतं. "एवढं चालल्यावर पोटात काही नाय घातलं तर चक्कर येईल," असं वहिनी म्हणायच्या आणि मला ते पटायचं. नाशिकच्या माणसाला मिसळ पटवून द्यावी लागत नाही. तर्री, दोन पाव, भाजलेला पापड, वर वाटीभर दही, आणि रविवारी जिलबी. घरी येताना आम्हा दोघींच्या चेहऱ्यावर मोठं पुण्यकर्म करून आल्याचं तेज असायचं.

महिन्यानं दवाखान्यातल्या काट्यावर चढले. चढण्याआधी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या. तरी काटा पहिल्यापेक्षा थोडा पुढेच गेला. डॉक्टरांनी मला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

ही मुलगी वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी असेल. तिनं माझे उपास ऐकले, मिसळ ऐकली, आणि हसू दाबायचा तिनं मनापासून प्रयत्न केला.

"काकू, उपास आणि जेवण हा फरक आपण करतो, शरीर नाही करत. साबुदाणा, कूट, तूप. तुमच्या साध्या जेवणापेक्षा उपासाच्या दिवशी जास्त कॅलरी पोटात जातात."

"पण मी चालते की एवढं!"

"चालून जेवढं जातं असं वाटतं ना, त्यापेक्षा फार कमी जातं. ती मिसळ जिरवायला तुम्हाला तिथूनच परत पायऱ्या चढायला लागतील. एकदा चढून भागणार नाही."

"म्हणजे चालू नको?"

"चाला ना. दम वाढेल, ऑपरेशननंतर लवकर उभ्या राहाल. पण वजन उतरेल ते ताटातून. शरीराला दिवसभरात जेवढं लागतं, त्याच्यापेक्षा थोडं कमी द्यायचं. मग ते आपल्या साठ्यातलं काढतं. बाकी काही जादू नाही."

रिक्षात हे हसायला लागले. कितीतरी दिवसांनी हसले. "आवक आणि जावक. आयुष्यभर हेच तर केलं मी. तू म्हणजे स्टोअर्सच निघालीस की."

मिसळ बंद झाली. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला आणि मग त्यांनीही पांडवलेणी सोडली. उपास मी देवाची क्षमा मागून सोडले. तेव्हा मनात फार भीती वाटली. ह्यांच्यासाठी धरलेले उपास ह्यांच्यासाठीच सोडायचे, हे देवाला नीट कळेल ना? सकाळी एक पोळी, दुपारी डब्यात दोन फुलके आणि भाजी, रात्री एक भाकरी, वरण, काकडी. शाळेत चौथ्या तासाला पोटात खड्डा पडायचा. पाढे म्हणून घेताना मुलांच्या डब्यांचा वास यायचा आणि मला रडू यायचं. चाळिशी उलटलेल्या बाईनं भुकेनं रडावं, याचीही मग लाज वाटायची.

पुढच्या महिन्यात काटा जेमतेम हलला. त्या आहारतज्ज्ञ मुलीनं माझं खाणं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, पुन्हा आकडे मांडले आणि पेन खाली ठेवलं.

"काकू, एवढंच खात असाल तर वजन उतरायला हवं. खरं सांगताय ना?"

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांना विचारत आले. तो मला कोणी विचारला नव्हता. मी ताडकन उठले आणि बाहेर आले. मागून हे भिंतीला धरत धरत येत होते, तेही विसरले.

घरी आल्यावर हे कॉटवर टेकले आणि सावकाश म्हणाले, "स्टॉक जुळत नसला तर दोनच कारणं असतात. एक तर कोणी तरी नेतंय, नाही तर नोंद न होता माल आत येतोय. इथे कमी पडत नाहीये, जास्त होतंय."

"मी काय चोरून खाते का?"

"चोरून म्हणालो का मी?"

मी भांडी आपटली. त्या दिवसापासून त्यांनी कॉटवरची उशी डोक्याकडून पायाकडे हलवली. तिथून स्वयंपाकघराचा ओटा दिसतो, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्या रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. ह्यांचं ताट मी आत नेलं. दीड पोळी, सगळा भात, भाजी. भातावर चटणी घातली, तेल सोडलं, कालवलं आणि नळाखाली पातेलं भरत ठेवून दुसऱ्या हातानं खायला लागले. मागे बघते तर हे दारात उभे. चौकटीला धरून.

"हे तू तिला सांगितलंस?"

"काय?"

"हे. माझ्या ताटातलं."

"हे काय सांगायचं? उरलेलं आहे. आवरतेय मी."

"रोज दोन्ही वेळा?"

"मग काय टाकून देऊ? तुमच्याच आईनं शिकवलं ना मला?"

"आईला काय माहीत होतं," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला, आणि आवाज चढवण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून तो मध्येच फाटला. "मी खात नाही ते तुझ्या अंगावर चढतंय. आणि तुझ्या अंगावर चढतंय म्हणून मी मरणार आहे. कळतंय का तुला?"

मरण्याचं आमच्या घरात तोवर कोणी बोललं नव्हतं. डॉक्टरसुद्धा आडून आडून बोलायचे. पातेलं भरून वाहत होतं. मी नळ बंद केला. हातातला घास कुठे ठेवायचा ते मला सुचेना.

"तुम्हाला कमीच वाढते उद्यापासून," मी शेवटी म्हणाले.

म्हणाले खरी, पण माझ्यानं ते झालं नाही. दुसऱ्या दिवशी एक पोळी वाढली आणि दुसरी डब्यात परत ठेवताना माझा हात थांबला. कमी वाढायचं म्हणजे हा माणूस आता एवढंच खाणार, हे कबूल करायचं. मी रोज पूर्ण ताट वाढायचे, कारण कधी तरी तो ते पूर्ण खाईल अशी मला आशा होती. दुसरी पोळी मी पुन्हा ताटात ठेवली. ह्यांनी ते बघितलं. अर्धी खाल्ली. मग ताट हातात घेऊन उठले आणि दाराकडे निघाले.

"कुठे?"

"खाली. गाय आहे."

कॉलनीत एक तांबडी गाय फिरायची. मालक सकाळी सोडून द्यायचा आणि ती दिवसभर दारोदार उभी राहायची. मी आडवी आले. "द्या इकडे, मी नेते."

"तू नेशील ते ओट्यापर्यंत," हे म्हणाले.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. हे जिना उतरत होते, एका हातात ताट, एका हातानं कठडा. मधल्या वळणावर बराच वेळ त्यांचा आवाज नाही, फक्त श्वास ऐकू येत होता. मग ते खाली दिसले. काठ्यांसारखे पाय, वर ढगळ झालेला पायजमा. त्यांनी गाईपुढे ताट धरलं. ती अळणी भाजी तिनं इतक्या आवडीनं खाल्ली, की मला माझ्या स्वयंपाकाची इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी तरी किंमत केली असं वाटलं. हसायला आलं, आणि हसता हसता गॅलरीच्या दांडीला डोकं टेकून मी रडले.

त्यानंतर रोज दोन्ही वेळा हे ताट घेऊन खाली जायचे. डायलिसिसच्या दिवशी पाय उचलत नसे, तेव्हा मुलीला पाठवायचे, मला नाही. मुलीनं माझ्यासाठी एक लहान ताट आणलं, तिच्या लहानपणच्या ताटाएवढं. त्यात मी बसून जेवायला लागले. लग्नानंतर माझ्या घरात माझं म्हणून ते पहिलं ताट. बसून जेवलं की किती खाल्लं ते दिसतं, ही साधी गोष्ट मला तेव्हा कळली. आणि ताट रिकामं झालं तरी थोडी भूक शिल्लक राहते, ती घेऊन उठायचं असतं, हेही. रोज उठायचे. त्याची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही, फक्त मी त्याबद्दल बोलायचं सोडून दिलं.

काटा मागे यायला लागला. फार हळू. मधे एक महिना तो हट्टानं जागचा हलला नाही. त्या महिन्यात हे दोनदा ॲडमिट झाले आणि दोन्ही वेळा मला वाटलं की आता माझं वजन उतरेपर्यंत हे टिकत नाहीत. पांडवलेणी मी एकटीच चढत राहिले, मिसळीच्या दुकानावरून मान खाली घालून परत यायचे. ब्लाउज सैल झाले ते शिवून घ्यायलाही उसंत नव्हती, सेफ्टी पिनांवर वर्ष काढलं. दिवाळीत शेजारून फराळाची ताटं आली, ती मी शाळेच्या शिपायाच्या घरी पोचवली.

शेवटी काही बारा उतरले नाहीत. अकराला येऊन गाडी थांबली. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, माझ्या पिना लावलेल्या ब्लाउजकडे बघितलं आणि म्हणाले, "चालेल."

ऑपरेशन मुंबईला झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं मला फार आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत आग होती, आणि नर्स सांगत होती की तिकडे ह्यांची लघवी सुरू झाली. लघवी सुरू झाली म्हणून देवाला हात जोडणारी मी काही पहिली बाई नसेन. मी आधी घरी आले. हे पुढे कितीतरी दिवस तिथेच, मग तिथेच जवळ एका खोलीत, तपासण्या करत. मुलगी त्यांच्याजवळ राहिली.

घरी आणलं त्या दिवशी कोणालाही भेटायला यायची बंदी होती. ह्यांच्या तोंडावर मास्क, खोली फिनेलनं पुसलेली. मी स्वयंपाक केला. भाजीचं पाणी ओतून द्यायचं नव्हतं. वरणात चिमूटभर मीठ घालायला परवानगी होती, ते घातलं. नेहमीसारखं ताट वाढलं, दोन पोळ्या, भाजी, मूद पाडून भात. त्यांच्यापुढे ठेवलं, माझं लहान ताट घेतलं आणि लांब दाराशी बसून जेवले.

जेवून हात धुतले आणि सवयीनं त्यांचं ताट न्यायला गेले. हातात घेतलं, तर हलकं लागलं. पोळ्या नव्हत्या. भात नव्हता. वरणाचा ओघळसुद्धा बोटानं निपटून घेतलेला. कडेला फक्त गुळाचा एक खडा होता. तो मी वाढला नव्हता. मुलीकडून मागून घेतला असणार.

मी ते ताट धरून तशीच उभी राहिले. खाली गाय हंबरली. इतके दिवस तिला आमच्याकडून काही मिळालं नव्हतं, तरी ती वेळेवर येऊन उभी होती.

"तिला सांग," हे मास्क वर चढवत म्हणाले, "आज काही उरलं नाही."

मी गॅलरीत गेले आणि तिला सांगितलं.